चेस्टर कार्लसन : झेरॉक्समागचा माणूस

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, अभियंता दिन साजरा करतो, पाहुण्यांचं भाषण ऐकतो आणि चहा-वडापाव घेऊन रूमवर परततो. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबरला, आणखी एका माणसाची आठवण काढायला हवी असं मला बरीच वर्षं वाटतंय. त्याचं नाव आपल्या कॉलेजात दहा जणांनाही ठाऊक नसेल. पण त्याच्या कामाच्या जोरावर आपल्यापैकी निम्मे लोक पास झालेत, आणि त्या निम्म्यांत मीसुद्धा आहे !

त्याचं नाव चेस्टर फ्लॉइड कार्लसन. झेरॉक्सचा जन्मदाता.

मी २००१ ते २००५ या काळात याच हॉस्टेलला होतो, आता इथेच शिकवतो. तेव्हा गेटसमोर ओळीने पाच झेरॉक्सची दुकानं होती. आता एकच उरलंय, आणि तेही मोबाइल कव्हर, ऑनलाइन फॉर्म आणि लॅमिनेशनवर चालतं. आजच्या मुलांना नोट्स ग्रुपवर मिळतात, पीडीएफ मोबाइलमध्ये पडून राहते. चांगलंच आहे. पण पी.एल. लागली की त्या पाच दुकानांसमोर जी जत्रा भरायची, ती तुम्ही पाहिली नाहीत ! पन्नास पैसे पान, बल्कमध्ये चाळीस, बॅक-टू-बॅक केलं तर अजून थोडं कमी. टॉपर मुलीची वही सकाळी एका दुकानात शिरायची आणि संध्याकाळपर्यंत तिचे साठ सेट होऊन सगळ्या ब्रँचभर पसरायचे. झेरॉक्सवाल्या काकांना सिलॅबस आमच्यापेक्षा चांगला पाठ होता. थर्मोचं चौथं युनिट कोणाच्या वहीतून घ्यायचं आणि मॅथ्स-थ्रीचे सॉल्व्ह्ड पेपर कोणत्या सालापासूनचे हवेत, हे ते न विचारता सांगायचे. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स... तिसऱ्या पिढीपर्यंत मार्जिनमधलं अर्धं अक्षर कापलं जायचं, पेन्सिलच्या आकृत्या गायब व्हायच्या, पण मूळ मालकिणीने कडेला लिहिलेलं ‘इम्प’ मात्र शाबूत असायचं. (‘मायक्रो’ झेरॉक्सचा विषय मी आता टेबलाच्या या बाजूला बसत असल्यामुळे काढत नाही !)

आणि फक्त विद्यार्थी नव्हेत. ॲडमिशनच्या दिवसांत गावाकडून आलेले वडील पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दाखले काढायचे. उत्पन्नाचा, जातीचा, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा. काका ते कागद दोन्ही हातांनी घ्यायचे, काचेवर अलगद ठेवायचे, आणि तीन-तीन सेट करून वर ओरिजिनल मोजून परत द्यायचे. त्या वडिलांचा सगळा जीव त्या काचेवर असायचा. सरकारी फॉर्मवर ‘साक्षांकित छायाप्रत’ छापलेलं असतं, पण छायाप्रत काढून द्या असं म्हणणारा एकही माणूस मी त्या दुकानात पाहिला नाही. सगळे म्हणायचे, दोन झेरॉक्स. एका अमेरिकन कंपनीचं नाव मराठीत असं रुळलं की ते पुन्हा परकं वाटेना. पण ते ज्याच्यामुळे आलं त्याचं नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचलंच नाही. म्हणून हा लेख.

कार्लसनचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात झाला. वडील न्हावी होते. पण क्षयरोग आणि मणक्याचा संधिवात यांनी ते पार वाकून गेले, आणि काम सुटलं. हवापालट होईल, काहीतरी जमीन मिळेल या आशेने कुटुंब काही महिने मेक्सिकोलासुद्धा जाऊन आलं. तिथे आईला मलेरिया झाला. शेवटी कॅलिफोर्नियात येऊन टेकले. घरात दोन आजारी माणसं आणि हा एकुलता एक मुलगा. वयाच्या आठव्या वर्षापासून तो मिळेल ते काम करू लागला. तेराव्या वर्षी शाळेच्या आधी दोन-तीन तास आणि शाळा सुटल्यावर पुन्हा, असा त्याचा दिवस होता. हायस्कूलमध्ये पोचेपर्यंत घर मुख्यतः त्याच्याच कमाईवर चालत होतं. आपल्या हॉस्टेलमध्ये पेपर टाकून, मेसमध्ये हिशोब लिहून शिकणारी मुलं आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या मुलाला छपाईचं विलक्षण वेड होतं. रबरी अक्षरांचा खेळण्यातला संच हे त्याचं आवडतं खेळणं. दहाव्या वर्षी त्याने स्वतःचं छोटं वार्तापत्र काढून मित्रांत फिरवलं. त्याच सुमारास नाताळात त्याला एक खेळण्यातला टाइपरायटर मिळाला, पण तो ऑफिसातला खरा टाइपरायटर नाही म्हणून स्वारी थोडी हिरमुसली. पुढे एका स्थानिक छापखान्यात काम करताना मालकाकडून त्याने मजुरीच्या बदल्यात एक जुनं छपाईयंत्र मिळवलं, आणि रसायनशास्त्राची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मासिक काढायचा घाट घातला. खिळे जुळवताना त्याला कळलं की शब्द कागदावर उतरवणं हे किती कष्टाचं, किती किचकट काम आहे. ते डोक्यात राहिलं.

तो सतरा वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. घर असं राहिलंच नाही. काही काळ तो आणि वडील एका जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याची खोली केलेल्या जागेत राहिले. फरशी नाही, नुसतं काँक्रीट. तरीही तो रिव्हरसाइड ज्युनियर कॉलेजात शिकत राहिला. काम आणि कॉलेज आलटून-पालटून करायची तिथे सोय होती. तिथून तो कॅलटेकला, म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला आणि १९३० मध्ये फिजिक्सची पदवी घेऊन बाहेर पडला. पदवीबरोबर सुमारे १५०० डॉलर कर्जही होतं.

आता १९३० साल म्हणजे काय ? जागतिक मंदी. आपल्याकडे २००१ आणि २००८ मध्ये कॅम्पसला कंपन्या आल्याच नाहीत, तेव्हा हॉस्टेलवर कसं वातावरण होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. कार्लसनने ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले. ८२ ! एकीनेही नोकरी दिली नाही. अखेर न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जमध्ये आठवड्याला ३५ डॉलरवर तो लागला. काम कंटाळवाणं होतं, म्हणून त्याच कंपनीच्या पेटंट विभागात बदली मागून घेतली. १९३३ मध्ये ती नोकरीही गेली. थोडं इकडेतिकडे करून तो पी. आर. मॅलरी या इलेक्ट्रिकल वस्तू बनवणाऱ्या कंपनीत स्थिरावला आणि पुढे तिथल्या पेटंट विभागाचा प्रमुख झाला.

पेटंटचं काम म्हणजे कागदांचा डोंगर. एका अर्जाला तपशील आणि ड्रॉइंगच्या कितीतरी प्रती लागत. त्या मिळवायचे दोनच मार्ग होते. टायपिस्टकडून सगळं पुन्हा टाइप करून घ्यायचं आणि मग शब्दन् शब्द ताडून पाहायचा. नाहीतर फोटोस्टॅट, म्हणजे कागदाचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो घेऊन तो रसायनांच्या पाण्यात धुवायचा. त्याला वेळ लागे आणि पैसाही. सायक्लोस्टाइल आणि कार्बन पेपर होते, पण त्यांत मूळ कागद आधीच तयार असेल तर काहीच उपयोग नाही. ज्या कागदावर आधीच काहीतरी लिहिलेलं आहे, तो तसाच्या तसा, कोरड्या साध्या कागदावर, ऑफिसातल्या ऑफिसात उतरवता यायला हवा. ही गरज त्याला रोज टोचत होती.

दुसरी टोचणी अधिक जवळची होती. पेटंटच्या क्षेत्रात वर जायचं म्हणून त्याने १९३६ मध्ये न्यूयॉर्क लॉ स्कूलमध्ये रात्रीच्या वर्गांना नाव घातलं. कायद्याची पुस्तकं महाग, ती विकत घेणं शक्य नव्हतं. मग हा गडी सुट्टीच्या दिवशी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत बसून पुस्तकंच्या पुस्तकं हाताने उतरवून काढायचा. बोटांना पेटके यायचे. त्यातच वडिलांचा मणक्याचा संधिवात त्याच्याही पाठीत उतरला होता. वाकून लिहिताना कळा यायच्या.

मित्रांनो, मला या माणसाबद्दल आपुलकी वाटते ती इथे. पुस्तक समोर आहे, वाचायची इच्छा आहे, डोकं आहे, फक्त ते घरी नेण्याइतके पैसे नाहीत. ही अडचण आपल्या रेफरन्स सेक्शनमध्ये आजही रोज कोणाची ना कोणाची असते. बाकीचे लोक अशा वेळी नशिबाला दोष देतात किंवा निमूट उतरवत बसतात. कार्लसननेही आधी निमूट उतरवलं. पण उतरवता उतरवता तो त्याच लायब्ररीत विज्ञानाची पुस्तकं चाळू लागला.

फोटोग्राफीच्या वाटेने जायचं नाही हे त्याने लवकर ठरवलं. कोडॅकसारख्या मोठ्या कंपन्यांनी ते क्षेत्र आधीच पिंजून काढलं असणार, असा त्याचा हिशोब. वाचता वाचता त्याला पाल सेलेन्यी या हंगेरियन शास्त्रज्ञाचं स्थिर विद्युतभाराने चित्र उमटवण्याबद्दलचं काम सापडलं. आणि फोटोकंडक्टिव्हिटी, म्हणजे काही पदार्थ अंधारात वीज अडवतात पण उजेड पडला की वाहू देतात, हा गुण. या दोन गोष्टी त्याने एकत्र जोडल्या. १८ ऑक्टोबर १९३७ रोजी पेटंटचा पहिला प्राथमिक अर्ज दाखल झाला. तेव्हा हातात यंत्र तर सोडाच, एक प्रतही नव्हती. पण पेटंटवाला माणूस, अर्ज आधी !

ही कल्पना नेमकी काय, ते फर्स्ट इयरच्या मुलालाही कळेल असं सांगतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे सगळ्यांनी केलंय. आता कंगव्याच्या जागी गंधकाचा थर दिलेली धातूची पट्टी घ्या. अंधारात घासून तिच्यावर विद्युतभार चढवा. मग अक्षरं लिहिलेल्या काचेतून तिच्यावर उजेड टाका. जिथे उजेड पडला तिथला थर वीज वाहू देतो, आणि भार निघून जातो. अक्षराच्या सावलीत मात्र भार तसाच टिकून राहतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, विजेचं एक अक्षर पट्टीवर तयार झालं. वरून बारीक पूड भुरभुरवा, ती फक्त भार असलेल्या जागी चिकटेल. ती पूड कागदावर उतरवा, गरम करून पक्की करा. झाली झेरॉक्स ! शाई नाही, पाणी नाही, फिल्म नाही. आपण ड्रॉइंग शीटची जी.टी. मारताना काचेखाली बल्ब लावून रात्रभर जे करायचो, त्यात उजेडाचं काम फक्त दाखवण्याचं होतं, लिहिणारा हात आपलाच. कार्लसनने उजेडालाच लिहायला लावलं.

प्रयोग सुरू झाले घरच्या स्वयंपाकघरात. जॅक्सन हाइट्समधल्या छोट्या फ्लॅटमध्ये गॅसवर गंधक वितळतंय, सगळ्या इमारतीत सडक्या अंड्यांसारखा वास, मधेच आगीचा भडका. १९३४ मध्ये लग्न होऊन आलेल्या एल्साने हे कसं सोसलं असेल कोण जाणे. शेवटी बाड-बिस्तरा ॲस्टोरिया भागातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलला. मदतीला ओटो कोर्नाय नावाचा ऑस्ट्रियातून परागंदा होऊन आलेला तरुण भौतिकशास्त्रज्ञ ठेवला. दोघांचीही खिसे फाटकीच.

२२ ऑक्टोबर १९३८. कोर्नायने मायक्रोस्कोपच्या काचपट्टीवर काळ्या शाईने तारीख आणि ॲस्टोरिया हे नाव लिहिलं. जस्ताच्या पट्टीवर गंधकाचा थर होता. खोलीत शक्य तितका अंधार केला, सुती रुमालाने पट्टी खसाखसा घासली, वर काच ठेवून काही सेकंद दिव्याचा प्रखर उजेड दिला. काच काढली, लायकोपोडियमची पूड टाकली आणि फुंकर मारली. तारीख आणि गावाचं नाव पट्टीवर उमटलं होतं ! मेणकागद दाबून त्यावर ते उतरवलं, गरम केलं. खात्री व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि मग दोघे जेवायला गेले. जगातली पहिली झेरॉक्स प्रत अशी निघाली. ना टाळ्या, ना फोटो.

सिनेमात असता तर इथे मध्यांतर होऊन पुढच्या रिळात बंगला दिसला असता. प्रत्यक्षात पहिल्या प्रतीपासून पहिल्या खऱ्या यंत्रापर्यंत एकवीस वर्षं गेली. लेखाचा हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कोर्नायला यात फारसं भविष्य दिसेना, तो दुसरी नोकरी धरून निघून गेला. कार्लसन १९३९ ते १९४४ या काळात वीसहून जास्त कंपन्यांची दारं ठोठावत फिरला. आय.बी.एम., जनरल इलेक्ट्रिक, आर.सी.ए. सगळ्यांनी नकार दिला. त्यांचंही एका परीने बरोबर होतं. समोरचा माणूस लाजाळू, तुटक बोलणारा. हातात गंधकाची पट्टी, रुमाल आणि एक पुसट धुरकट प्रत. आणि कार्बन पेपर चार आण्याला मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न. ६ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याला मुख्य पेटंट मिळालं, क्रमांक २२९७६९१. पण पेटंट म्हणजे पैसा नव्हे. पेटंटची मुदत चालू होते आणि वर्षं संपत जातात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं ? नोकरी चालू, संध्याकाळी प्रयोग, सुट्टीत पत्रं. या सगळ्यात संसार मोडला. १९४५ मध्ये एल्सा आणि तो विभक्त झाले. शोधाच्या गोष्टींत ही किंमत सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

वाट निघाली ती अचानक. १९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा रसेल डेटन नावाचा तरुण इंजिनिअर मॅलरी कंपनीत दुसऱ्याच कामासाठी आला होता. बोलता बोलता कार्लसनने आपला शोध काढला. डेटनला तो पटला, आणि बॅटेलने संशोधनाचा भार उचलला. तिथल्या मंडळींनी गंधकाऐवजी सेलेनियम वापरून पाहिलं, ते उजेडाला कितीतरी पट जास्त दाद देणारं निघालं. रुमालाच्या घासण्याऐवजी उच्च दाबाच्या बारीक तारेने भार चढवायची सोय झाली. पूडही सुधारली, आज ज्याला आपण टोनर म्हणतो ती.

मग आली हॅलॉइड. रॉचेस्टरमधली फोटोचा कागद बनवणारी छोटी कंपनी, कोडॅकच्या सावलीतली. तिचे संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर यांच्या वाचनात या शोधाबद्दलचा लेख आला, आणि तरुण अध्यक्ष जोसेफ विल्सन यांनी धाडस केलं. १९४६ च्या अखेरीस बॅटेलशी करार झाला. पुढे कार्लसन स्वतः सल्लागार म्हणून रॉचेस्टरला राहायला गेला. या तंत्राला नाव हवं होतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ग्रीकच्या एका प्राध्यापकाने सुचवलं, झेरोग्राफी. झेरॉस म्हणजे कोरडं, ग्राफीन म्हणजे लिहिणं. कोरडं लेखन ! म्हणजे आपण झेरॉक्स म्हणतो तेव्हा नकळत ग्रीकमध्ये कोरडं असं म्हणत असतो. २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, पहिल्या प्रतीला बरोबर दहा वर्षं होत असताना, हा शोध जगापुढे जाहीर झाला.

१९४९ मध्ये आलेलं पहिलं यंत्र, मॉडेल ए, ऑफिसवाल्यांनी हातात धरलं नाही. एक प्रत काढायला ३९ पायऱ्या ! (आपल्या वर्कशॉपच्या जॉबला तरी कमी असतील.) ते ऑफसेट छपाईच्या प्लेट बनवायला तेवढं कामी आलं, आणि त्या पैशावर पुढचं काम रेटलं. पन्नासच्या दशकात हॅलॉइडने नेहमीच्या धंद्यातून कमावलं त्याहून जास्त पैसा यात घातला. मेकॅनिकलच्या मुलांनी तर या यंत्राच्या अडचणी मुद्दाम अभ्यासाव्यात. कागद स्थिर विजेमुळे ड्रमला चिकटून बसायचा, तो हवेच्या झोताने सुटा केला. ड्रमवर उरलेली पूड पुसायला ब्रश हवा, पण सेलेनियमला ओरखडा जाता कामा नये. नाना तऱ्हेचे केस तपासून शेवटी सशाच्या केसांचा ब्रश बसवला ! पूड पक्की करायला उष्णता हवी, पण कागद पेटता कामा नये.

तर १६ सप्टेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या शेरी-नेदरलँड हॉटेलात झेरॉक्स ९१४ हे यंत्र पहिल्यांदा लोकांना दाखवलं गेलं. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद चालतो म्हणून ९१४. वजन सुमारे २९४ किलो, मिनिटाला सात प्रती. कागद काचेवर ठेवा, बटण दाबा, साध्या कागदावर प्रत बाहेर. त्या दिवशी आणलेल्या दोन यंत्रांपैकी एकाने पेट घेतला, नशिबाने दुसरं व्यवस्थित चाललं ! आगीची खोड त्याला पुढेही होती, म्हणून कंपनी सोबत छोटं अग्निशामक द्यायची. फक्त त्याला अग्निशामक म्हणायचं नाही, असा सेल्सवाल्यांचा आग्रह. आपल्या प्रोजेक्ट डेमोच्या दिवशी जे होतं ते कोणालाच चुकलेलं नाही, एवढं यावरून लक्षात घ्यावं.

यंत्र विकत घ्यायला फार महाग, म्हणून महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं आणि ठराविक प्रतींच्या वर दर प्रतीला पैसे. आणि मग धरणच फुटलं. पन्नासच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी प्रती निघत, १९६६ मध्ये तो आकडा सुमारे चौदाशे कोटींवर गेला. एवढी गरज होती, आणि ती कोणाला दिसलीच नव्हती. कारण सोय नव्हती तेव्हा लोक प्रती मागतच नव्हते. नकार देणाऱ्या वीस कंपन्यांनी बाजार मोजला होता, पण तो कार्बन पेपरचा. १९६१ मध्ये कंपनीचं नावच झेरॉक्स झालं.

कार्लसनला दर प्रतीमागे सेंटचा सोळावा हिस्सा मिळे. थेंबे थेंबे तळे साचे, पण इथे तळं समुद्राएवढं झालं. त्याची एकूण मिळकत सुमारे १५ कोटी डॉलर धरली जाते. १९६८ मध्ये एका मोठ्या मासिकाने त्याला अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत लोकांच्या यादीत घातलं, तेव्हा याने त्यांना पत्र लिहून कळवलं की आपण एवढे श्रीमंत नाही. खोटं नव्हतं ते. कारण तोवर त्यातले सुमारे दहा कोटी डॉलर त्याने वाटून टाकले होते !

आणि वाटले तेही गुपचूप, शक्य तिथे नाव न लावता. ज्या कॅलटेकमधून कर्ज घेऊन बाहेर पडला होता त्या कॅलटेकला दिले. जागतिक शांततेसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये इमारती विकत घेतल्या, त्या एवढ्यासाठी की तिथे काळे-गोरे दोघांनाही भाड्याने घर मिळावं. दुसरी पत्नी डोरिस हिच्यामुळे तो वेदान्त आणि झेन यांकडे वळला होता, रॉचेस्टरचं झेन सेंटर त्यांच्या मदतीवर उभं राहिलं. पुनर्जन्माच्या आठवणींवर संशोधन करणारे इयान स्टीव्हनसन आपल्या देशात येऊन गावोगाव फिरले. त्यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कामासाठीही कार्लसनने मृत्युपत्रात दहा लाख डॉलर ठेवले. ते पटो न पटो, माणूस आपल्या पैशाने प्रश्न विचारत राहिला. आणि तो कोर्नाय, जो मधेच सोडून गेला होता ? त्यालाही कार्लसनने कंपनीचे शंभर शेअर भेट दिले. पहिल्या प्रतीवरचं अक्षर त्याचं होतं, हे तो विसरला नाही.

१९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या एका थिएटरात सिनेमा पाहता पाहता हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६२. मरताना गरीब असावं, अशी त्याची इच्छा होती. ती पूर्ण व्हायला थोडेच दिवस कमी पडले असं म्हणावं लागेल.

त्याच्यानंतर त्याचं यंत्र कुठे कुठे गेलं ! १९६९ मध्ये डॅनियल एल्सबर्गने व्हिएतनाम युद्धाचे हजारो गुप्त सरकारी कागद रात्री-रात्री झेरॉक्स केले, आणि १९७१ मध्ये ते छापून आल्यावर अमेरिका हादरली. सोव्हिएत रशियात अशी यंत्रं कुलपात ठेवत, ती काय उगीच नव्हे. आपल्याकडे १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही संयुक्त कंपनी निघाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तहसील कचेरी, कोर्ट, कॉलेज, जिथे कागद तिथे एसटीडी-पीसीओच्या शेजारी झेरॉक्स, असं चित्र झालं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या माणसाला सरकारी फायलीची प्रत दोन रुपये पानाने मागता येऊ लागली. हा हक्क कायद्याने दिला हे खरं, पण पान दोन रुपयांत निघू शकतं म्हणूनच तो हातात येतो. सातबाऱ्याच्या प्रतीसाठी तलाठ्याच्या हस्ताक्षराची वाट पाहणारी पिढी आपल्या घराघरांत आहे, त्यांना विचारा.

आणि आपल्यासारख्यांची गोष्ट. २०१२ मध्ये तीन बड्या प्रकाशन संस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान यांना कोर्टात खेचलं. कारण काय, तर प्राध्यापकांनी सांगितलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना स्वस्तात देत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. शिक्षणासाठी केलेल्या अशा प्रतींना कॉपीराइट कायद्यात जागा आहे, असा निकालाचा आशय. निकालाची तारीख १६ सप्टेंबर २०१६. होय, ९१४ चीच तारीख ! योगायोगच, पण लायब्ररीत बसून कायद्याची पुस्तकं हाताने उतरवणाऱ्या त्या मुलाला हा निकाल वाचून बरं वाटलं असतं. याचा अर्थ आख्खं पुस्तक छापून विकायला मोकळीक आहे असा मात्र कोणी घेऊ नये. लेखकालाही पोट असतं.

गेटसमोरची दुकानं बंद झाली म्हणून गळे काढण्यात अर्थ नाही. पाच रुपये किलोने रद्दीत गेलेले ते गठ्ठे परत येणार नाहीत, आणि पीडीएफ फुकट असते. डिपार्टमेंटचा लेझर प्रिंटरही शेवटी कार्लसनच्याच ड्रमवर, त्याच चार्ज-उजेड-पावडरवर चालतो. तंत्र मेलेलं नाही. मला चुटपुट लागते ती वेगळ्या गोष्टीची. त्या दुकानासमोरच्या रांगेत टॉपर आणि चार विषय राहिलेला असे दोघे शेजारी उभे असायचे, आणि वही एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची. काका उधारीच्या वहीत नाव लिहून घ्यायचे आणि मनीऑर्डर आल्यावर खोडायचे. ज्याच्याकडे पुस्तक नाही त्याला तिथे लाजायचं कारण नव्हतं, कारण रांगेतल्या कोणाकडेच नव्हतं. आज ज्याला ग्रुपमध्ये घेतलेलं नाही, ज्याचा मोबाइल जुना आहे, ज्याला स्क्रीनवर वाचून डोकं दुखतं, तो गप्प बसतो आणि आपल्याला कळतही नाही.

म्हणून फायनल इयरवाल्यांना एक विनंती. जाताना आपल्या चांगल्या नोट्सचा एक छापील सेट, स्पायरल करून, वर विषयाचं नाव लिहून, लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये ठेवून जा. वॉर्डन सरांशी बोललो आहे, हॉस्टेलच्या कॉमन रूममधलं एक कपाटही यासाठी रिकामं होतंय. खर्च शंभर-दीडशे रुपयांचा. स्वतःचं नाव लिहायची गरज नाही. कार्लसननेही फारसं कुठे लिहिलं नव्हतं.